विझलेल्या भट्ट्यांस मान, पेटत्यांस वनवास

इंग्लंडातील स्टोक-ऑन-ट्रेंट या चिनीमातीच्या नगरीस 2024 साली जागतिक हस्तकला-नगरीचा किताब मिळाला. त्यास वर्ष लोटण्यापूर्वीच, 2025 च्या फेब्रुवारीत, रॉयल स्टॅफर्डच्या कारखान्यास टाळे लागले आणि एप्रिलअखेर मूरक्रॉफ्टनेही काम थांबविले. मानपत्र भिंतीवर आणि कारागीर रस्त्यावर! मूरक्रॉफ्टचा कारखाना पुढे संस्थापकाच्या नातवाने विकत घेतला, ही समाधानाची गोष्ट खरी. पण नातवाच्या जिद्दीवर राज्याचे उद्योगधोरण चालत नसते.

ही नगरी आपणांस अगदीच परकी नव्हे. आपल्या न्हाणीघरांतील फरशांवर जे जॉन्सन हे नाव असते, ते मूळचे तेथील. 1958 साली त्या कंपनीच्या सहकार्याने भारतात त्याच नावाची कंपनी निघाली व ठाण्यास कारखाना उभा राहिला. मूळच्या घरी मात्र फरशांचे उत्पादन बंद करण्याचे 2024 साली जाहीर झाले.

महाग माल घेणार कोण, असे बाजारपेठेचे भाट विचारतात. तो महाग कशाने झाला, असे आम्ही त्यांस विचारतो. चिनीमातीची भट्टी म्हणजे घरची चूल नव्हे, की परवडेल तेव्हा पेटवावी. ती हजार-बाराशे अंशांपर्यंत तापवावी लागते. भांडे एकदा भाजून, झिलई देऊन, पुन्हा भाजावे लागते. हे सारे बहुतांशी गॅसवर चालते. युक्रेनच्या युद्धाने 2022 साली गॅसचे भाव भडकले. 2024 साली ब्रिटिश सरकारने जड उद्योगांस सवलत दिली, ती विजेवर! तहानेल्यास जेवणाचे आमंत्रण ते हेच.

सगळा दोष गॅसवर ढकलणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. रॉयल डौल्टनचा बर्सलेममधील कारखाना 2005 साली बंद झाला, तो काम इंडोनेशियात नेल्यामुळे. आणि 1800 साली निघालेले डडसन 2019 सालीच बुडाले. एके काळी 70 हजारांवर माणसांना पोसणारा हा धंदा काही हजारांवर आला, तेव्हा एकही सरकार दचकले नाही.

दचकले ते विटांसाठी. 1956 च्या धूरबंदीच्या कायद्यानंतर कोळशाच्या बाटलीवजा भट्ट्या थंडावल्या. दोन हजारांतून उरलेल्या सुमारे 47 भट्ट्यांस आज कायद्याचे संरक्षण आहे. परवानगीवाचून त्यांची वीट हलविता येत नाही. विटेस जे मिळाले, ते पेटत्या भट्टीपुढील माणसास का मिळू नये? गॅसवर सवलत द्या, आणि परदेशी कोऱ्या भांड्यांवर नक्षी काढून ती इंग्लंडची म्हणून खपविणाऱ्यांस चाप लावा, हे मागणे काही अवाजवी नव्हे.

कपास कान जोडणारा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार होतो. तो एकदा गोदामातील खोकी उचलू लागला, की बहुधा परतत नाही. आणि त्याच्या शेजारी बसून शिकणारे पोरही त्याच दिवशी दुसरी वाट धरते.