कोरा मायना

वाचकहो, दिवाळी अंक उघडायचा तो फराळाच्या ताटाशेजारी. अशा वेळी कोणी उपदेशाची कडू गोळी पुढे करू नये. म्हणून आज उपदेश करीत नाही. स्वतःची एक फजिती सांगतो.

गोष्ट श्रावणातली. आमच्या एम.ए.च्या वर्गाची सहल श्रवणबेळगोळला न्यायची होती. तिथे बाहुबलीची, म्हणजे गोमटेश्वराची, सुमारे ५७ फूट उंचीची एकसंध दगडातली मूर्ती आहे, आणि तिच्या पायाशी मराठीच्या आरंभकाळातला एक कोरीव लेख आहे. मराठीच्या विद्यार्थ्याने तो एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा, हा माझा जुना हट्ट. परवानगीसाठी विभागप्रमुखांकडे अर्ज करावा लागतो. असले अर्ज मी वर्षानुवर्षे डोळे मिटून लिहीत आलो. यंदा मात्र पहिल्याच शब्दाला लेखणी अडली. कारण यंदाचे विभागप्रमुख म्हणजे माझाच एक जुना विद्यार्थी.

मी एम.ए.वर थांबलो. तो पुढे शिकला, डॉक्टरेट मिळवली आणि रीतसर माझ्या वरच्या खुर्चीवर येऊन बसला. यात त्याचा अपराध काडीचाही नाही. पण ज्याला ‘अरे, निबंध आणलास का?’ म्हणून भर वर्गात दरडावले, त्याला ‘मा. विभागप्रमुख’ लिहायचे! ‘मा.’ न लिहावे तर शिष्टाचार मोडतो. लिहावे तर हात वळत नाही. मजकूर लिहून तयार, खाली सहीसुद्धा झालेली. मायना तेवढा कोरा. अर्ज तीन दिवस टेबलावर तसाच पडून राहिला.

अडचण जुनीच आहे, वाचकहो. परंपरा सांगते की, तापीकाठच्या चांगदेवांनी योगबळाने चौदाशे वर्षे आयुष्य मिळवले होते. त्यांच्या कानी ज्ञानदेवांची कीर्ती गेली आणि पत्र लिहावेसे वाटले. पण आरंभ कसा करावा? ज्ञानदेव वयाने पोर, तेव्हा ‘चिरंजीव’ म्हणावे. पण ज्ञानाने थोर, तेव्हा ‘तीर्थरूप’ म्हणावे. दोन्ही जमेना. अखेर चांगदेवांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून धाकटी मुक्ताबाई बोलून गेली की, इतकी वर्षे जगून हा योगी कोरा तो कोराच! मोठ्या निवृत्तिनाथांनी मात्र ज्ञानदेवांना उत्तर लिहायला सांगितले. तेच ‘चांगदेव पासष्टी’ या नावाने आपल्याकडे आहे. अवघ्या ६५ ओव्या.

हे पत्र मी वर्गात कितीदा शिकवले. पण त्याचा मायना कसा आहे, याकडे माझे लक्ष या श्रावणात गेले. ज्ञानदेवांनी ‘चिरंजीव’ही लिहिले नाही आणि ‘तीर्थरूप’ही नाही. आरंभीच त्यांनी जयजयकार केला तो वटेशाचा, म्हणजे ज्याच्यापासून सारे जग भासते त्या परमात्म्याचा. पुढे चांगदेवांना त्या वटेश्वराचा पुत्र म्हटले, आणि दृष्टान्त दिला कापराच्या कणाचा. कण केवढाही असला तरी कापूरच. त्यात थोरला कोण आणि धाकटा कोण? ज्या प्रश्नापाशी चौदाशे वर्षांची तपश्चर्या अडून बसली होती, तो प्रश्नच त्या विशीतल्या मुलाने पुसून टाकला.

ज्या मूर्तीसाठी माझा अर्ज होता, त्या बाहुबलीचीही कथा हीच आहे, हे तेव्हाच आठवले. जैनांच्या श्वेतांबर परंपरेत ती येते. थोरला भाऊ भरत याच्याशी झालेल्या युद्धात बाहुबली जिंकला आणि जिंकलेल्या क्षणीच विरक्त झाला. वर्षभर तो जागचा हलला नाही. अंगावर वेली चढल्या, पायांशी वारुळे उठली. त्या वेली मूर्तीवरही कोरलेल्या आहेत. तरी केवलज्ञान होईना. कारण त्याचे धाकटे ९८ भाऊ आधीच दीक्षा घेऊन पिता ऋषभदेवांपाशी राहत होते. साधूंमध्ये ज्येष्ठपण मोजतात ते दीक्षेपासून, वयापासून नव्हे. तिथे जावे तर धाकट्यांना वंदन करावे लागणार! म्हणून ज्ञान झाल्यावरच जायचे, असे त्याने ठरवले होते. ऋषभदेवांनी मग ब्राह्मी आणि सुंदरी या त्याच्या बहिणींना पाठवले. त्या एवढेच म्हणाल्या की, बंधो, हत्तीवरून खाली उतर. राज्य सोडलेल्या माणसाजवळ हत्ती कुठला? पण बाहुबलीला तो उमगला. धाकट्यांना वंदन करण्यासाठी त्याने पाऊल उचलले मात्र, आणि वर्षभर अडलेले ज्ञान त्या एका पावलात झाले.

राज्य सुटते, देहाची आसक्ती सुटते. उरतो तो ‘आधी नमस्कार कोणी करायचा’ एवढा चिमूटभर प्रश्न. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत, त्यांतले पहिले ‘अमानित्व’. मानाची अपेक्षा नसणे. त्याच अध्यायावर लिहिताना ज्ञानदेवांनी बजावले आहे की, अहंकार अडाण्याच्या फारसा वाटेला जात नाही. तो गळा धरतो जाणत्याचा. या ओव्यांचा अर्थ मी दरवर्षी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतो. गुणही देतो!

तरीदेखील अर्ज कोराच होता. एवढे सगळे आठवूनही होता, हे विशेष. ज्ञान कपाटात असते आणि हत्ती अंगणात.

चौथ्या दिवशी माझ्या नववीतल्या मुलीने टेबल आवरायला घेतले. अर्ज पाहून म्हणाली, “बाबा, वर नाव घालायचं राहिलंय.” मी म्हटले, “राहिलं नाही, सुचत नाहीये.” कारण ऐकल्यावर ती क्षणभर थांबली. “पण ते काका दर दिवाळीला येतात तेव्हा तुमच्या पाया पडतात ना? त्यांना कुठे जड जातं?” एवढे बोलून ती दिवेलागणीला निघून गेली.

मी लेखणी उचलली आणि ‘मा.’ लिहिले. खरे सांगतो, अर्धा क्षणही लागला नाही.

अर्ज घेऊन स्वतःच गेलो. मला पाहताच तो खुर्चीवरून उठला. उभ्याउभ्याच त्याने अर्ज वाचला, सही केली आणि जरा चाचरत म्हणाला, “सर, मीही येऊ का? तुम्ही आमच्या वर्गाला नेलं होतंत, तेव्हा मी मागे उभा होतो. लेख नीट दिसलाच नव्हता.”

आता दिवाळीची सुट्टी संपली की आम्ही सगळे निघणार आहोत. माझा अहंकार गेला, असे मात्र समजू नका. त्या दिवशी जिना उतरतानाच मनात आले होते, ‘काय पण आपली नम्रता!’ म्हणजे हत्ती तोच. फक्त झूल बदललेली. दिवाळीला घर लख्ख झाडतो, म्हणून पुढच्या दिवाळीला केरसुणी हाती घ्यावी लागत नाही, असे थोडेच आहे?