आजाऱ्याच्या उशाशी एक वही

अब्बा किंवा दादी अंथरुणाला खिळलेले, मुले नोकरीवर, सून एकटी. अशा वेळी ब्युरोकडून बाई ठेवणे आता आपल्या घरांतही नवे राहिलेले नाही. सकाळी आठला एक येते, रात्री आठला दुसरी. दोघींची गाठ दारात, पाच मिनिटे. इन्सुलिन टोचल्याचे सांगायचे राहून गेले आणि दुसरीने अंदाजाने पुन्हा टोचले, तर साखर 70 च्या खाली जाऊन माणूस घामाघूम होतो, बरळतो, बेशुद्धही पडतो. म्हणून वही हवी. शंभर पानी साधी वही पुरते.

तीत नुसते "औषध दिले", "जेवले" असे लिहू देऊ नका. कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कोणी दिली; अर्धी भाकरी खाल्ली की दोनच घास; लघवी किती वेळा झाली, रंग कसा होता. कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची, तीही वेळेसह लिहायची. माकडहाडावर किंवा टाचेवर लाली दिसली आणि बोटाने दाबूनही ती फिकी पडली नाही, तर जखमेची ती सुरुवात असते. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. जे झाले नाही तेही लिहावे. "गोळी थुंकली" ही नोंद फार मोलाची.

वही भरलेली दिसली म्हणजे सेवा झाली असे नव्हे. दिवसभराच्या नोंदी एका दमात लिहिल्यासारख्या, बरोबर आठ, दहा, बारा अशा असतील, तर त्या संध्याकाळी बसून भरल्या असाव्यात. आठवड्यातून एकदा पाकिटातल्या गोळ्या मोजून वहीशी ताडून पाहा. इंग्लंडमध्ये घरी सेवा देणाऱ्या संस्थांना केअर क्वालिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते, तपासणी होते, दर्जाही जाहीर होतो. आपल्याकडे ही नजर घरच्यांनाच ठेवावी लागते. ब्युरोच्या मॅडमनाही न कळवता पाहणीला यायला सांगा. कमिशन घेतात, मग एवढे तर करावे! नर्स म्हणून कोणी आली, तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी विचारा.

मात्र चूक लिहिली म्हणून बाईवर ओरडलात, तर पुढची चूक वहीत येणार नाही.

रमजानमध्ये विशेष लक्ष द्या. दिवसा चूल बंद, त्यात आजाऱ्याचे दुपारचे जेवण मागे पडते आणि त्याआधीची गोळी मात्र वेळेवर जाते. डॉक्टरांनी रोजाला परवानगी दिलीच, तर औषधांच्या नव्या वेळा महिना-दीड महिना आधी त्यांच्याकडून लिहून घ्या आणि तो कागद वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.