विश्लेषण : सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर बिनतारी सेन्सरचा पहारा कितपत भरवशाचा?

मिरा-भाईंदर शहराचे स्वतःचे धरण नाही. स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून मिळणाऱ्या पाण्यावर शहराची तहान भागते. सूर्या योजनेच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी २१८ दशलक्ष लिटर पाणी या शहराच्या वाट्याचे आहे. मात्र नळाला पाणी ठरावीक वेळीच येते. त्या वेळी जमिनीखालची टाकी भरली का, गच्चीवर किती चढवायचे, हे पाहण्यासाठी वॉचमनला अपरात्री उठावे लागते. टाकीची पातळी मोबाइलवर दाखवणारे बिनतारी सेन्सर हे काम करतील का?

यंत्रणा चालते कशी?

टाकीच्या झाकणाखाली बसवलेला सेन्सर आवाजाची सूक्ष्म लहर सोडतो. ती पाण्यावर आदळून परतायला किती वेळ लागला, यावरून पातळी कळते. हा आकडा छोटा रेडिओ पंपघरातील ‘गेटवे’कडे पाठवतो आणि तिथून तो इंटरनेटवर जातो. यासाठी वापरले जाणारे ‘झिगबी’ तंत्र २००३ च्या ८०२.१५.४ या मानकावर उभे आहे. त्याचा वेग सेकंदाला जेमतेम २५० किलोबिट, एका निरोपाची मर्यादा १२७ बाइट. व्हिडिओसाठी हे कुचकामी. पण ‘टाकी ६२ टक्के’ एवढे सांगायला पुरून उरते. उरलेला वेळ सेन्सर झोपलेला असतो, म्हणून बॅटरी वर्षानुवर्षे टिकू शकते. प्रत्येक सेन्सरला सिमकार्ड लागत नाही आणि वापरलेली लहर परवानामुक्त असते. या तंत्राचे खरे बळ हेच.

मग अडते कुठे?

इमारतीतच. एक टाकी जमिनीखाली, बहुधा लोखंडी झाकणाची, दुसरी गच्चीवर. मध्ये सळयांनी भरलेले सात-आठ स्लॅब. मोकळ्या मैदानात शंभर मीटरपर्यंत जाऊ शकणारा २.४ गिगाहर्ट्झचा संदेश इथे दोन-तीन मजल्यांत थकतो. त्यात याच लहरीवर घरोघरचे वाय-फाय राउटरही बोलत असतात. उपाय म्हणून जिन्यात मध्यस्थ उपकरणे बसवून निरोप एकाकडून दुसऱ्याकडे दिला जातो. पण मध्यस्थाला कान सतत उघडे ठेवावे लागतात; तो झोपू शकत नाही, म्हणून बॅटरीवर टिकत नाही. त्याला जिन्याची वीज लागते. वीज गेली की सेन्सर शाबूत, पण साखळी तुटलेली. नेमके तेव्हाच नळाला पाणी आले तर खालची टाकी भरून वाहते आणि मोबाइलला त्याचा पत्ता नसतो.

दुसरी अडचण टाकीच्या आतली. बंद टाकीत वाफ धरते, सेन्सरच्या तोंडावर थेंब साचतात आणि अर्धी टाकी ‘भरलेली’ दिसू शकते. तो आकडा पाहून पंप बंद ठेवला, तर सकाळी वरच्या मजल्यांवर नळ कोरडे.

लांब पल्ल्याचे तंत्र नाही का?

आहे. भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून परवानामुक्त आहे. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढला. त्यावर चालणारे ‘लोरा’ भिंतींतून तुलनेने बरे शिरते, उघड्यावर काही किलोमीटर जाते. किंमत मोजावी लागते ती वेगात: निरोप आणखी छोटे आणि विरळ. टाकीला ते चालते. विभागभर पसरलेल्या जलकुंभांवर नजर ठेवायची असेल, तर लघुपल्ल्याच्या जाळ्याऐवजी हेच किंवा मोबाइल नेटवर्क योग्य. केरळमध्ये मुन्नारच्या डोंगरावर अमृता विद्यापीठाने भूस्खलनाच्या पूर्वसूचनेसाठी सेन्सर बसवले, तिथेही जवळच्या पल्ल्याचा रेडिओ फक्त पहिल्या टप्प्याला आहे. पुढचे अंतर उपग्रह दुव्याने कापले जाते.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

निरोप येणे थांबले तर ॲप काय दाखवते, हा पहिला प्रश्न. काही ॲपवर शेवटचा आकडा तसाच राहतो. तीन तासांपूर्वीचे ६२ टक्के आत्ताचे म्हणून वाचले जातात, आणि हे सेन्सर नसण्यापेक्षा वाईट. म्हणून टाकीतला जुना फ्लोट आणि बॉलकॉक काढू नये. पंप बंद करण्याचा शेवटचा अधिकार तारेने जोडलेल्या फ्लोटकडेच असावा. गेटवे आणि जिन्यातल्या मध्यस्थांना छोटी बॅकअप बॅटरी हवी. आणि गच्चीवर चढून सेन्सरचे तोंड पुसायचे कोणी, बॅटरी बदलायची कोणी, हे देखभाल करारात लिहिलेले हवे. अनेकदा तिथे फक्त ‘एक वर्ष वॉरंटी’ एवढेच असते.