सासऱ्यांची राजदूत

मैत्रिणींनो, दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला काय द्यावे आणि काय देऊ नये, हे या सदरातून मी तुम्हांला नेहमी मोठ्या तोऱ्यात सांगत असते. आज माझीच चूक सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मागच्या पडवीतली रद्दी, फुटक्या बादल्या आणि गंजके पत्रे यांच्याबरोबर एक लांबट नळकांडे नि एक वाकडा पत्रा मी किलोवर तोलून देऊन टाकला. एकशे साठ रुपये आले, त्याची मी पणत्या नि रांगोळी आणली. ते नळकांडे म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या राजदूतचा सायलेन्सर होता. आणि पत्रा म्हणजे मागचा मडगार्ड.

संध्याकाळी यांनी पडवीत डोकावून पाहिले. रागावले नाहीत. अहो, रागावले असते तर बरे झाले असते! तीन दिवस खाली मान घालून जेवले आणि उठले.

सासरे वनखात्यात वनपाल होते. १९७४ साली त्यांनी ही गाडी घेतली, तेव्हा गडचिरोली जिल्हा वेगळा नव्हता. तो झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. चंद्रपूरपासून थेट सिरोंच्यापर्यंत सगळा एकच अवाढव्य जिल्हा, आणि सासऱ्यांची बदली आलापल्लीच्या बाजूला. पावसाळ्यात नाल्याला पाणी आले की बांबूला गाडी बांधून चौघे जण खांद्यावरून पलीकडे न्यायचे, असे सासूबाई सांगत. राजदूत तशी साधीच गाडी. मूळ घडण पोलंडच्या एस.एच.एल. कंपनीची, इथे ती फरीदाबादला एस्कॉर्ट्सच्या कारखान्यात तयार व्हायची. जाहिरातीत धर्मेंद्र असायचा, पण खरी गिऱ्हाइके म्हणजे दूधवाले, ग्रामसेवक आणि आमच्या सासऱ्यांसारखे रानोमाळ हिंडणारे लोक. खेड्यातल्या मेकॅनिकलाही उघडता येईल असे इंजिन, म्हणून ती रानात टिकली.

सासरे २००८ साली गेले आणि गाडी पडवीत गेली. हे वीजकेंद्रातून निवृत्त झाले, मुलगा पुण्याला. दिवसभर घरात बसलेल्या माणसाचे काय करावे, हा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या पत्रांत असतो. चौथ्या दिवशी मीच म्हटले, “सायलेन्सर मी शोधून आणते. तुम्ही गाडी काढा बाहेर.”

काढली. आणि मग आठ महिने आमचे अंगण म्हणजे गॅरेज.

ज्यांच्या घरी असा उद्योग निघण्याची लक्षणे आहेत त्यांनी आधी पेट्रोलचे ऐकून ठेवा. टाकी रिकामी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त वाईट, कारण आत नुसती वाफ कोंडलेली असते. साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुतल्याशिवाय तिला डाग द्यायला कुणाला हात लावू देऊ नका. टाकी, पेट्रोलचे डबे, भिजलेल्या चिंध्या यांतले काहीही स्वयंपाकघराच्या भिंतीलासुद्धा लागून ठेवायचे नाही. आमच्याकडे देवघरातली समई आणि पडवी यांत एकच दार आहे. ते दार मी आठ महिने बंद ठेवले.

टाकीच्या आतला गंज मात्र मी काढला, हे अभिमानाने सांगते. तांब्याचा गडू आपण चिंचेने घासतो ना, तेच इथे. आंबटाने गंज सुटतो. टाकीत पांढरे व्हिनेगर भरून दोन दिवस ठेवले, मग मूठभर जुने नट-बोल्ट आत टाकून दोघांनी मिळून ती सुपासारखी हलवली. चहाच्या रंगाचे पाणी निघाले. नंतर खायच्या सोड्याचे पाणी, मग स्वच्छ पाणी, आणि लगेच उन्हात. इथे आळस केला तर तासाभरात पुन्हा तांबूस थर चढतो. वाळल्याबरोबर आतून ऑइल फिरवायचे.

इंजिन जाम होते. यांनी किकवर उभे राहून जोर लावला असता तर आतले काहीतरी तुटले असते, पण आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्री आहेत, त्यांनी वेळेवर अडवले. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल ओतले आणि चार दिवस कुणी हात लावायचा नाही असे बजावले. (रॉकेल आता कुठे मिळते?) पाचव्या दिवशी गाडी गियरमध्ये टाकून मागचे चाक हाताने थोडे पुढे, थोडे मागे, असे करता करता पिस्टन हलला. हे लहान मुलासारखे मला हाक मारत आत आले. क्रँकची सील मात्र वाळून गेली होती, ती मिस्त्रींनीच बदलली. ते काम घरी करू नये.

सुटे भाग हरवतात, त्याला माझा उपाय म्हणजे जुना मसाल्याचा डबा. एका वाटीत कार्बोरेटरचे स्क्रू, दुसऱ्या वाटीत पॉइंटचे, झाकणावर कागद चिकटवून नाव. हा डबा परत स्वयंपाकात येणार नाही हे मनात धरूनच द्या. काळे झालेले हात गोडेतेल आणि साखर चोळून निघतात. साबणाने नुसती कातडी जाते.

सायलेन्सर शोधायला मी स्वतः नागपूरला तीन खेपा घातल्या. एकशे साठ रुपयांना दिलेली वस्तू, तीही जुनीच, दोन हजारांना आणली. मडगार्ड इथेच ठोकून घेतला.

मग एक दिवस आरमोरीहून नणंदेचा फोन. “वहिनी, बाबांची गाडी बनवून राहिले अन् मला कोणी सांगितलं पण नाही!” मी म्हटले, अहो ताई, तुम्हांला गाडीचे काय? तर पलीकडे शांत. मग म्हणाल्या, “मी चालवली आहे ना ती. मॅट्रिकला होती तेव्हा. आईला माहीत नव्हतं.”

लग्नाला पस्तीस वर्षे झाली, आम्हां दोघांनाही हे ठाऊक नव्हते. डेपोमागच्या सागाच्या रांगेतून बापाने मुलीला पहिला नि दुसरा गियर शिकवला होता, तिसरा नाही. तिसऱ्यासाठी रस्ता हवा, आणि रस्त्यावर लोक बघतात.

आता व्यवहाराचे सांगते, कारण इथे आमचे अडले. गाडी अजून सासऱ्यांच्याच नावावर. मालक वारल्यावर तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरून वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. आमची वर्षे उलटली. दंड वेगळा, आणि इतर वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर हवी. म्हणजे नणंदेची सही! जिला आम्ही विचारलेच नव्हते, तिची. यांना फोन करायला तोंड नव्हते. मीच आरमोरीला गेले आणि भंगाराची गोष्टही सांगून टाकली. त्या आधी रडल्या, मग हसल्या, आणि पेटीतून कापडात गुंडाळलेले जुने नोंदणीपुस्तक काढून दिले. ते आम्ही हरवले म्हणून धरून बसलो होतो.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी निघाली आहे, व्ही.ए. अक्षरांची पाटी मिळते. पण वीस हजार रुपये भरा आणि गाडी प्रदर्शनाला नि मेळाव्यालाच न्या. भाजी आणायला ती चालत नाही. आम्ही साधेच नूतनीकरण करायचे ठरवले आहे, ते पाच वर्षांचे असते. तुमचे काय सोयीचे ते बघा.

रंग आम्ही फेब्रुवारीत दिला. आमच्या गावात कोळशाची बारीक धूळ ओल्या रंगावर बसते, म्हणून मी पहाटे अंगणभर चांगला सडा टाकला आणि वारा सुटायच्या आत यांनी काळा हात मारून घेतला. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे असते, लिटरला चाळीस मिली. माप औषधाच्या बाटलीच्या झाकणाचे. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असते, त्याने जुन्या गाडीची रबरी नळी नि कॉकचे वायसर लवकर खराब होतात. ते नवीन घाला, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

होळीच्या दुसऱ्या दिवशी नणंद आल्या. कागद अजून व्हायचे होते, म्हणून रस्त्यावर नाही, फाटकापासून विहिरीपर्यंतच. यांनी चार किका मारल्या, नुसते फुसफुस. ताईंनी पदर खोचला, गाडी थोडी डावीकडे कलती केली आणि म्हणाल्या, “दादा, बाबा असं धरायचे.” दुसऱ्या किकेला धूर निघाला, सगळी गल्ली निळी झाली. विहिरीपर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या. पहिल्याच गियरमध्ये. दुसरा का नाही टाकला म्हणून यांनी विचारले तर म्हणाल्या, पुढल्या खेपेला.

फरशीवर ऑइलचा वाव-भर डाग पडला आहे. चुलीची राख रात्रभर टाकून सकाळी खराट्याने झाडली, बरेच निघाले. राहिलेल्यावर आज पुन्हा टाकणार आहे.