गांजाचे ओळखपत्र आणि रुग्णाची पात्रता

संपादक महाशयांस,


पेनसिल्व्हेनिया राज्यातील वैद्यकीय गांजाच्या ओळखपत्राची 'पैसे भरले की परवाना हाती' अशी जी संभावना गतांकातील पत्रलेखकांनी केली आहे, ती वस्तुस्थितीस धरून नाही. तेथील 2016 च्या कायद्यान्वये रुग्णाने आरोग्य खात्याच्या दप्तरी नाव नोंदवून, त्याच खात्याने मान्य केलेल्या डॉक्टरकडून, कर्करोग, अपस्मार, कंपवात अशी कायद्यात नमूद असलेली एखादी व्याधी आपणांस जडल्याचा दाखला मिळवावा लागतो. केवळ 50 डॉलरच्या शुल्काने पात्रता सिद्ध होत नाही.

पत्रलेखकांच्या नजरेतून निसटलेली बाब मात्र फार गंभीर आहे. अमेरिकेच्या 1970 च्या संघीय कायद्याने गांजा सर्वांत कडक निर्बंधांच्या अनुसूचीत घातला, आणि राज्याची अनुमती असली तरी त्याचे सेवन नागरिकत्वाच्या अर्जास बाधक ठरू शकते, असे तेथील नागरिकत्व खात्याने 2019 मध्ये स्पष्ट केले. केमोथेरपीच्या उलट्यांनी क्षीण झालेल्या, परंतु अद्याप नागरिक न झालेल्या रुग्णाने (यांत आपले मराठी बांधवही आले) वेदनेचा उपशम पत्करावा की भवितव्य राखावे, हा पेच मला सर्वथा अन्यायकारक वाटतो. अशा रुग्णांनी डॉक्टरच्या दाखल्यापूर्वी स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक