आधी नोंदवही, मग पडदा

शासकीय वस्तुसंग्रहालयाच्या 'आधुनिकीकरणा'चा प्रस्ताव हाती आला की त्याचे शेवटचे पान आधी उघडावे. तेथे अंदाजपत्रक असते. टचस्क्रीन इतके, प्रोजेक्टर इतके, आभासी दर्शनाचे चष्मे इतके, ध्वनियंत्रणा एक संच. या यादीत बहुधा दोन बाबी आढळत नाहीत. वस्तूंची माहिती कोण लिहिणार, ही पहिली. आणि तिसऱ्या वर्षी बंद पडलेला पडदा कोणाच्या पैशाने दुरुस्त होणार, ही दुसरी. ज्या प्रस्तावात या दोन बाबींची तरतूद नाही, तो यंत्रसामग्रीच्या खरेदीचा प्रस्ताव समजावा आणि तसा शेरा मारून परत पाठवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डिजिटल तंत्रज्ञानाला माझा विरोध आहे, असा समज कोणी करून घेऊ नये. संग्रहालयांना त्याची नितांत गरज आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे. जे काम शेवटी करायचे ते आपण आधी करतो, आणि जे आधी करायचे ते कधीच करीत नाही.

असे का होते, याचे उत्तर प्रशासनाच्या कार्यपद्धतीत आहे. यंत्र विकत घेणे हा भांडवली खर्च. त्याची निविदा काढता येते, ३१ मार्चपूर्वी देयक अदा करता येते, उपयोगिता प्रमाणपत्र देता येते आणि मंत्रिमहोदयांच्या हस्ते कळही दाबता येते. याउलट अभिरक्षकाचे रिक्त पद भरायचे तर आकृतिबंध आडवा येतो, वित्त विभागाची मान्यता लागते. माहितीफलक लिहिणाऱ्या अभ्यासकास मानधन द्यायचे तर ते कोणत्या लेखाशीर्षाखाली, असा प्रश्न निघतो आणि नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते. पैसा उतार पाहून वाहतो. एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी पाहिलेल्या दालनात मोठ्या टचस्क्रीनवर बोट ठेवले असता पुरवठादाराचे बोधचिन्ह तेवढे गरगर फिरत राहिले. शेजारच्या काचकपाटात एक सुरेख मूर्ती होती आणि तिच्याखाली लिहिले होते : 'मूर्ती. दगड. मध्ययुगीन.' पडद्याच्या किमतीत त्या दालनातील एकूण एक वस्तूचा अभ्यास करवून घेता आला असता.

माझे म्हणणे मल्लेश्वरम्‌च्या उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना ते जवळचेही वाटेल. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली आदिलशाही फौजेने बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. १६८७ मध्ये ते मोगलांनी जिंकले व त्यानंतर म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडेयरांच्या ताब्यात गेले. या अर्धशतकाची आठवण मल्लेश्वरम्‌मधील काडु मल्लेश्वर देवालयाशी जोडलेली आहे. १६६९ च्या शिलालेखात शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू एकोजी, म्हणजेच व्यंकोजी, यांनी मेदरनिंगनहळ्ळी हे गाव या देवास दिल्याची नोंद आहे. मल्लेश्वरम्‌च्या बाजारात नित्य जाणाऱ्या किती मराठी माणसांना हे ठाऊक असेल?

आता या विषयावर प्रदर्शन मांडायचे आहे असे समजू. आपल्या प्रचलित निविदेतून काय निर्माण होईल, ते आजच सांगता येते. अंधारी खोली, भिंतभर चलच्चित्र, घोड्यांच्या टापा, नगारे, धीरगंभीर आवाजातले निवेदन. प्रेक्षक भारावून बाहेर पडेल, परंतु आत जाताना त्याला जे माहीत होते त्याहून अधिक काहीही घेऊन जाणार नाही. शिवाय चित्रातील कोणता तपशील पुराव्याचा आणि कोणता चित्रकाराच्या कल्पनेचा, हे त्याला कोणी सांगणार नाही. संग्रहालयाच्या छताखाली दाखवलेली गोष्ट लोक खरी धरून चालतात. त्या विश्वासाशी हा खेळ आहे, आणि शासनाच्या पैशाने तो खेळला जाऊ नये.

दुसरी मांडणी अशी कल्पावी. शिलालेखाची त्रिमितीय प्रतिमा पडद्यावर आहे. ओळीवर बोट ठेवले की तिचे वाचन आणि कन्नड, मराठी व इंग्रजी अर्थ समोर येतो. दान दिलेले गाव आजच्या शहरात कोठे येते, ते नकाशावर उमटते. एकोजींच्या पुढच्या वाटचालीचा धागा तंजावरपर्यंत जातो. तेथे बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ मराठी लेख आहे. मग प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभा राहतो : विजापूरच्या चाकरीतील एका मराठा सरदाराच्या मुलाने कन्नड मुलखातील शिवालयाला गाव का दिले असेल? असा प्रश्न पडला की प्रदर्शनाचे काम झाले. पडदा येथेही आहेच, परंतु तो दगडाच्या सेवेत आहे.

ही निव्वळ कल्पना नाही. बंगळूर जिल्ह्यातील शिलालेख बी. एल. राईस यांनी 'एपिग्राफिया कर्नाटिका'च्या नवव्या खंडात १९०५ मध्ये प्रसिद्ध केले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या येथील मिथिक सोसायटीने २०२१ पासून शहर व परिसरातील शिलालेखांचे त्रिमितीय स्कॅनिंग हाती घेतले. या पद्धतीत दगडाच्या पृष्ठभागाचा चढउतार सूक्ष्मपणे मोजला जातो. त्यामुळे चुन्याचे वा शेंदराचे डाग बाजूला सारून, संगणकावर हवा तसा तिरपा प्रकाश टाकून, झिजलेली अक्षरे वाचता येतात. रस्तारुंदीकरणात वा बांधकामात उद्या दगड नाहीसा झाला तरी त्याची आकृती उरते. एवढे मोल एकाही दिमाखदार प्रकाशखेळाला नाही.

'तरुण पिढीला पडद्याशिवाय काही पाहवत नाही,' हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला माझे उत्तर आतकूरचा वीरगळ हे आहे. बंगळूरच्या १८६५ मध्ये स्थापन झालेल्या शासकीय संग्रहालयाच्या संग्रहात हा दहाव्या शतकातील दगड आहे. गंग राजा बूतुग याच्याकडून मणलेर नावाच्या वीराने बक्षीस म्हणून दुसरे काही न मागता काळी नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे रानडुकराशी झुंजताना डुक्कर आणि कुत्रा दोघेही मेले, आणि त्या कुत्र्याच्या स्मरणार्थ हा दगड उभा राहिला. ही हकिकत चार ओळींच्या फलकावर लिहिली तर कोणते मूल त्या दगडासमोर थांबणार नाही? आणि ती लिहिलीच नाही, तर भोवती दहा प्रोजेक्टर लावूनही दगड मुकाच राहील.

त्याच कस्तुरबा रस्त्यावर आर्ट अँड फोटोग्राफी म्युझियम फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकांसाठी खुले झाले. पंढरपुरात जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांची, प्रश्नांना उत्तरे देणारी डिजिटल प्रतिमा या संस्थेने घडवली. तिचा बराच गाजावाजा झाला. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, इमारत उघडण्याच्या दोन वर्षे आधी, डिसेंबर २०२० मध्येच, ही संस्था इंटरनेटवरून लोकांसमोर आली होती. खाजगी संस्थेजवळ पैसा असतो हे खरे. परंतु क्रम पाळायला पैसा लागत नाही.

क्रम चुकल्याची शिक्षा मोठ्या संस्थांनाही चुकत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून सुमारे दोन हजार वस्तू गहाळ, चोरीस गेलेल्या वा खराब केलेल्या असल्याचे उघड झाले. त्यांतील अनेकांची धड नोंदच नव्हती. ज्याची नोंद नाही ते गेले, हे तरी कसे कळावे? दोनच महिन्यांत त्या संस्थेने पाच वर्षांत संपूर्ण संग्रहाची डिजिटल नोंद करण्याचे जाहीर केले. आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' नावाची संगणकप्रणाली नेमक्या याच कामासाठी तयार केली आणि २०१४ पासून ती राष्ट्रीय पातळीवरील दहा संग्रहालयांत बसवण्यात आली. साधन घरचे आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संग्रहालयांत ते का पोहोचू नये?

म्हणून माझी मागणी साधी आहे. संग्रहालयाच्या कोणत्याही डिजिटल प्रस्तावास मंजुरी देण्यापूर्वी चार अटी घालाव्यात. एक, संग्रहातील प्रत्येक वस्तूची छायाचित्रासह नोंद पूर्ण असल्याचे प्रमाणपत्र. दोन, मजकूर लिहिणाऱ्या व तपासणाऱ्या अभ्यासकांची नावे आणि त्यांच्या मानधनाची तरतूद. तीन, किमान पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च मूळ अंदाजपत्रकातच. चार, छायाचित्रे, स्कॅन व मजकूर यांची मालकी पुरवठादाराकडे न राहता शासनाकडे. यांपैकी एकही अट नसेल तर उद्घाटनाची तारीख मागू नये.

परगावी राहणाऱ्या वाचकांना एवढीच विनंती. आपापल्या शहरातील संग्रहालयात गेलात आणि पडदा बंद दिसला, तर त्याची तक्रार अवश्य करा. परंतु त्याआधी अभिप्रायवहीत एक प्रश्न लिहून या : तुमच्याकडील वस्तूंची यादी लोकांना कोठे पाहायला मिळेल? हा प्रश्न वारंवार विचारला गेला, तर त्याला उत्तर देण्यासाठी का होईना, कोणीतरी ती यादी करायला बसेल.