गॉगल कुणाचा?

आमच्या कोल्हापुरातील एका स्नेह्यांनी दिवाणखान्यात काचेचे कपाट सजविले आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांचे गॉगल, चामडी टोप्या, पदके! फराळाला गेलो, तेव्हा एक गॉगल हाती देऊन म्हणाले, "मास्तर, याला म्हणायचं स्मरण!"

"कुणाचा हा?"

"कुणाचा का असेना! वस्तू अस्सल आहे की!"

चकली घशाखाली उतरेना. ज्याचे नाव ठाऊक नाही, त्याचे स्मरण कसले? हा तर जुन्या बाजारातला सौदा. काच तेवढी महाग!

मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंगकर 1918 साली फ्रान्सच्या आकाशात लढताना पडले. शत्रूने मूठमाती दिली, पण खुणेवर नाव भलतेच लिहिले. खरे नाव लागेपर्यंत महायुद्ध संपून गेले होते. आणि फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे? 5 डिसेंबर 1971 रोजी सुखोई-7 घेऊन पाकिस्तानातील शोरकोटवर गेले, ते परतलेच नाहीत. थडगेसुद्धा नाही. त्यांच्या पत्नी, बॅडमिंटनपटू दमयंती तांबे, 2007 साली इतर कुटुंबांबरोबर तिकडचे तुरुंग पाहून आल्या. हाती काही लागले नाही. आता सांगा वाचकहो, स्मरण कुणाचे खरे?

वस्तू जपू नयेत, असे माझे म्हणणे नाही. कुणाच्या घरी ट्रंकेत टोपी असेल, पत्रे असतील, ती जरूर जपावीत. सोबत नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी मात्र हवी. स्नेह्यांना एवढेच म्हटले, "विकणाऱ्याला पत्र टाका. माणसाचा तपास करा."

ते दचकले. "नको मास्तर! तो सुखरूप घरी गेलेला निघाला, तर गॉगलची किंमत उतरेल की!"